अकरावा प्रश्न

पितांबर नानांच्या यकृतावर गाठ निघाली, तेव्हा मी जळगावच्या प्रयोगशाळेत यकृताच्या कर्करोगावरच्याच एका अहवालाचा शेवटचा मसुदा तपासत होते. नाना माझे काका. बाप गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं आणि शिकवलं.

अहवाल केळीचे कंद लावण्याआधी ज्यात बुडवतात त्या बुरशीनाशकाबद्दल होता. त्यानं उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो, हे आधीच कळलं होतं. प्रश्न माणसाचा होता. पेशीत एक रिसेप्टर असतो. रसायन त्याला चिकटलं की तो पेशीला वाढत राहायचा हुकूम देतो. उंदराचा रिसेप्टर जरा खुट्ट झालं की जागा होतो. माणसाचा मात्र, रक्तातलं प्रमाण एका रेषेखाली असेल तर, ढिम्म हलत नाही. ती रेषा मी मानवी पेशींवर दोन वर्षं राबून काढली होती. ती बरोबर आहे, आजही.

शेतकऱ्यांच्या अंगात हे किती जातं, एवढंच राहिलं होतं. त्यासाठी रावेर तालुक्यात आमच्या माणसांनी दोनशे जणांकडून फॉर्म भरून घेतले. प्रश्न मीच लिहिले. अकरावा प्रश्न होता, 'आपण विषारी रसायन उघड्या हातांनी हाताळता का?' एकशे ब्याण्णव जण 'नाही' म्हणाले, त्यांत नानाही होते. मी खूश! त्यावरून हिशेब केला, प्रमाण रेषेच्या खूप खाली आलं आणि मी लिहून मोकळी झाले : माणसाला धोका नाही. सोमवारी अहवाल दिल्लीला, बुरशीनाशकाला परवानगी देणाऱ्या मंडळाकडे जायचा होता.

शनिवारी सावद्याला नानांच्या घरी गेले. नाना ओट्यावर पडून होते, डोळे पिवळेजर्द. धुरपदाकाकू त्यांचे पाय चेपत होत्या. माझं लक्ष नानांच्या हातांकडे गेलं. नखं काळपटलेली, कातडी सोललेली.

"नाना, कंद हातमोजे घालूनच बुडवता ना?"

"हातमोज्यानं कंद निसटते, पोरी. हातानंच बुडवतो."

"मग फॉर्मवर 'नाही' का सांगितलं?"

"तुह्या मानसानं इचारलं, इखाले हात लावता का? इखाले कोन हात लावीन? हे तं औषिद हाये."

याच घरात 'औषध मारायला गेलेत' ऐकत लहानाची मोठी झाले, आणि जळगावात खुर्चीवर बसून 'विषारी रसायन' लिहिलं. अक्कल गहाण टाकली होती मी. राग काढायला दुसरं कुणी नव्हतं.

नानांचं आणि शेजारच्या अकरा शेतकऱ्यांचं रक्त घेतलं. रविवारी एकटीनं यंत्र चालवलं. बाराच्या बारा जण रेषेच्या वर होते. नाना चौपट.

आमचे प्रमुख हितेंद्र सर म्हणाले, "बारा जणांवरून दोनशे फॉर्म खोटे ठरवणार? काकांची गाठ यानंच झाली, हे तरी सिद्ध करू शकता?"

"नाही. एका माणसाच्या गाठीचं कारण कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. पण हा अहवाल चुकीचा आहे."

मी सही केली नाही. सोमवारी अहवाल माझ्या नावाशिवाय गेला.

संध्याकाळी पुन्हा सावदा गाठलं आणि नानांना सगळं सांगितलं. "माझी चूक झाली, नाना," म्हणताना मला रडू आवरलं नाही.

नाना म्हणाले, "माहं जाऊ दे. धुरपदाचं रगत घेतलं का?"

"त्यांचा फॉर्मच नव्हता. सातबारा तुमच्या नावावर आहे, म्हणून तुम्हालाच विचारलं."

"मी घंटाभर बुडवे अन् उठे. दिवसभर टाकीपाशी तीच बसे. तीस वर्सं."

काकूंनी बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला. मला शीर सापडेना. "घे ना, भाविका," त्या म्हणाल्या, "मले काहीच दुखत नही."

त्यांचा आकडा नानांच्या तिप्पट आला. नाना रोज फोन करून विचारतात. रिपोर्ट अजून यायचाय, असं मी सांगते.