दहाला निघून अडीचला पोचणारं विमान

भाच्याची इंजेक्शनं आठ डिग्रीच्या वर गेली की वाया. तिकडे ताईच्या देशात महिनाभर मिळणार नव्हती, म्हणून मावशीबरोबर थंड डब्यात पाठवायची ठरली. डबा ताईच्या भावानेच बनवला. तो फ्रीज दुरुस्त करणारा, थंडीतलं त्याला कोण शिकवणार?

हिशेब सरळ होता. घर ते विमानतळ आणि तिथली रांग मिळून तीन तास. तिकिटावर दहाला सुटणार, अडीचला उतरणार, म्हणजे साडेचार. बाहेर पडायला एक. झाले साडेआठ. घरी करून बघितलं तेव्हा डबा नऊ तास टिकला होता.

मावशीला सोडून तो अकराला दुकानात आला आणि सहज मोबाईलवर विमानाची माहिती बघितली. अंतर साडेचार हजार किलोमीटर, वेळ सहा तास.

सहा? तिकिटावर तर साडेचार! त्याने भागाकार केला. ताशी हजार आले. एवढं पळतं विमान? परत केला. तेवढेच. त्याने ताईला फोन लावला.

"ताई, विमान लवकर पोचतं का गं कधी?"

"अरे, माझ्याकडे आत्ता साडेनऊ वाजलेत. तू फोन करताना रोज दीड तास वजा करतोस ना?"

करायचा. चार वर्षं करत होता. पण तिकिटावरचा अडीच हा ताईच्या घड्याळातला, हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

"मग साडेआठचे दहा झाले! डबा नऊच टिकतो!"

"कशावरून नऊ?"

"दर तासाला झाकण उघडून आतला तापमानाचा काटा बघितला ना मी."

ताई म्हणाली, "गिऱ्हाइकांना ओरडतोस ना, सारखं दार उघडू नका म्हणून?"

त्याने कपाळावर हात मारला. न उघडता डबा किती टिकतो? दहा? अकरा? कुणाला माहीत! आणि त्याहून मोठी भानगड त्याला आठवली.

"ताई... मावशीला मीच सांगितलंय, दर तासाला उघडून बघ."

"धन्य आहेस!"

मावशीचा फोन बंद. ती आभाळात. हा दुकानात एकाच फ्रीजचे स्क्रू काढतोय, लावतोय.

पाचला ताईचा फोन आला. "सहा डिग्री. सगळी नीट आहेत."

"मावशीने उघडलं नाही?"

पलीकडून मावशीच बोलली, "मेल्या, डबा टाकला वरच्या कप्प्यात नि मी झोपले. कोण उठतंय तुझा काटा बघायला? थेट उतरताना जाग आली."

त्याला हसू आलं, डोळेही भरले. "मावशी, मग डबा टिकतो तरी किती?"

"मला काय विचारतोस? बनवलास तू!"