फळ्यावरचे पाच शब्द

वडनेर भोलजीच्या बसथांब्यासमोर भागवत सरांचा इंग्रजीचा क्लास होता आणि त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक काळा फळा. रोज सकाळी सातला त्यावर ‘आजचे पाच शब्द’ लागत. वर इंग्रजी शब्द, त्याखाली देवनागरीत उच्चार आणि ठळक मराठी अर्थ. लिहायचं काम धम्मशीलेकडे होतं, कारण साऱ्या क्लासात अक्षर म्हणावं असं अक्षर तिचंच. एसटीची वाट पाहणारे फुकटात वाचत, सरांची फुकटात जाहिरात होई.

शब्द पुस्तकातून नाही, बातमीतून शिकायचे, हा सरांचा खाक्या. निवडणूक आली की निवडणुकीचे, पूर आला की पुराचे. मग आखाताकडे दोन देशांची जुंपली, अणुप्रकल्पांवर बॉम्ब पडले, आकाशातून क्षेपणास्त्रं जाऊ लागली, आणि सरांच्या अंगात वारंच शिरलं.

“लिहून घ्या बे,” ते म्हणत. “वॉरहेड, स्टॉकपाइल, रिटॅलिएट, फॉलआउट. एका आठवड्यात साठ शब्द भेटले. शांततेच्या टायमाले कोन देते एवढे?”

पोरं हसत. धम्मशीलेच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तिचा थोरला भाऊ प्रसेनजित त्याच आखातात एका हॉटेलात एसी दुरुस्त करत होता. तीन दिवस त्याचा फोन नव्हता, पाठवलेल्या निरोपाखाली एकच बारीक खूण येऊन थांबली होती.

हे तिने आईला कळू दिलं नव्हतं. जनकाबाईचं ब्लडप्रेशर वर होतं. म्हणून धम्मशीलेने टीव्हीची वायर काढून उंदरांनी कुरतडली म्हणून सांगितलं. शेजारच्या कोकिळाकाकूला विषय काढायचा नाही म्हणून बजावलं. प्रसेनजितला जादा ड्युटी लागली आहे, असंही ठोकून दिलं. आईला वाचता येत नाही याची तिला खात्रीच होती. विहारात ती वंदनेचं पुस्तक हातात धरायची खरी, पण ते तिला तोंडपाठ होतं. वाचते कुठे, असं धम्मशीलेला वाटे.

हॉटेलचा नंबर मोबाइलमध्ये होता. परदेशी फोनचं रिचार्जही तिने मारलं होतं. दोनदा नंबर लावला. पलीकडून बाईचा गोड इंग्रजी आवाज आला आणि हिची वाचाच बसली. सहाशे शब्द पाठ असलेल्या मुलीने दोन्ही वेळा फोन कापला. त्या रागाने ती आतून धुमसत होती, आणि तो राग काढायला जागा नव्हती.

त्या संध्याकाळी सरांनी वर्तमानपत्रातली एक ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले, “निग्लिजिबल. म्हणजे नगण्य. जीवितहानी नगण्य. परीक्षेत हमखास येते.”

“नगण्य म्हणजे किती, सर?” धम्मशीलेने विचारलं.

“असतील पंधरा-वीस. बाहेरून आलेले मजूर वगैरे. अणुबॉम्बाच्या हिशोबानं नगण्यच ना.”

कोणीतरी वहीत लिहिलंसुद्धा. प्रसेनजितला पाचवीत एबीसीडी सर म्हणवणाऱ्या याच माणसाने शिकवली होती आणि तो विमानात बसला तेव्हा पेढेही यानेच मागून घेतले होते. घर जळतं कुणाचं आणि हात शेकतं कोण. धम्मशीलेने वही मिटली आणि दप्तर उचललं. बोलायला हवं होतं, हे तिला घरी जाताना कळलं आणि स्वतःचाच संताप आला.

सकाळी तिने मुकाट फळा लिहिला. पाचवा शब्द निग्लिजिबल. खडू खाली ठेवून वळते तर मागे जनकाबाई उभी. अंगणवाडीत मदतनिसाच्या कामाला ती याच रस्त्याने जायची. तिचं बोट हवेत अक्षरांवरून सरकत होतं.

“न-ग-ण्य. म्हंजे काय, माय?”

धम्मशीलेने त्या बोटाकडे पाहिलं, मग आईकडे.

“तू वाचतेस?”

“अंगणवाडीतल्या पोरांसंगं शिकली. पंधरा दिस झाले, रोज वाचून राह्यली. काल लिवलं व्हतं, बॉम्बानंतर आभायातून पडनारी इखारी राख. परवा लिवलं, बदला घेनं. तुह्या अक्षरात हाये म्हून समजते चांगलं. वायर उंदरानं नाही खाल्ली, हेबी समजलं.”

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आणि इथे तर कोंबडं घरात झाकून, भर चौकात ही स्वतःच रोज आरवत होती.

“तू आंघोळीले गेलती तवा मी तुह्या फोनवरून हाटेलाचा नंबर लावला,” जनकाबाई म्हणाली. “हिंदीत बोलली. तिकडच्या बाईनं ठेवून देल्ला. मंग म्या म्हनलं, फळ्यावर पाहू. पोरगी एवढं इंग्रजी लिवते, कुठीतरी असंनच.” तिने फळ्याकडे बोट केलं. “बॉम्बाचे समदे शब्द लिवले तू. मायं पोरगं कुठी हाये, एवढं इचाराचं काऊन नाही लिवलं?”

धम्मशीलेने डस्टर उचललं आणि पाचही शब्द पुसून टाकले. जोर एवढा लावला की फळा भिंतीवर धडधडला. त्या आवाजाने सर चहाचा कप घेऊन बाहेर आले.

“काय करून राह्यली तू? आजचे शब्द?”

“हेच आजचे शब्द,” ती म्हणाली आणि लिहिलं: व्हेअर इज माय सन? खाली मराठीत, माझा मुलगा कुठे आहे?

“हे पहिलीतलं इंग्रजी हाये. परीक्षेत येत नाही.”

“तुमच्या परीक्षेत येत नाही, सर. सहाशे शब्द शिकवले तुम्ही मले. माह्या भावाले नगण्य म्हनता येते मले. त्याचा पत्ता इचारता येत नाही. प्रसेनजित कुठी हाये, तुम्ही तरी एकदा इचारलं काय?”

सरांनी कप कठड्यावर ठेवला. थांब्यावरचे दोघे-चौघे मान वळवून पाहू लागले. धम्मशीलेने नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन आईच्या हातात दिला.

पलीकडून तोच गोड आवाज आला. जनकाबाईने फळ्याकडे पाहिलं, बोट उचललं आणि एकेक शब्द नीट वाचला.

“व्हेअर. इज. माय. सन.”

“नेम, प्लीज?”

हे तिला समजलं. “प्रसेनजित. प्रसेनजित जानराव. वडनेर भोलजी.”

मग नुसतं संगीत वाजत राहिलं. नांदुऱ्याची गाडी आली, पण थांब्यावरचं कोणी चढलं नाही. गाडी रिकामीच निघून गेली. बऱ्याच वेळाने झोपेतून उठल्यासारखा आवाज आला.

“आई? तळघरात ठेवलं आमाले. रेंजच नाही. मी बरा हाये.”

“मेल्या,” जनकाबाई म्हणाली, “एक फोन करता येत नाही तुले?” आणि क्लासच्या पायरीवर मटकन बसून रडू लागली. प्रसेनजित तिकडून समजावत राहिला, धम्मशीला तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

फोन झाल्यावर सर घसा खाकरून पुढे आले. हातात डस्टर होतं.

“चला, बरं झालं. आता पुसतो हे. पोरं येतील, पाच शब्द लिहू द्या.”

जनकाबाईने पदराने डोळे पुसले आणि उठून फळ्यासमोर उभी राहिली.

“राहू द्या, सर,” ती म्हणाली. “उद्या दुसऱ्या कोनाच्या मायले लागन.”