तीन मैलांच्या सह्या

पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या की चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते. अशा माणसाला रस्त्यात थांबायला निमित्त लागतं, म्हणून तो दुकानांच्या काचा न्याहाळत उभा राहतो. आमच्या वेल्समधल्या खोऱ्यात खाणींमागोमाग दुकानंही बंद झाली. उरलं एक पैजा लावण्याचं आणि एक शवपेट्यांचं. गेथिन प्रॉसर दिवसातून दोनदा शवपेट्यांसमोर उभा दिसायचा. लोकांना वाटायचं, भावाची आठवण काढतोय.

भाऊ हँडेल याच रोगाने गेला. आधी पाय गेला, वर्षभरात तो. तेव्हापासून गेथिन दर मे महिन्यात जुन्या रेल्वेच्या वाटेवरून तीन मैलांची चाल काढायचा, लोकांना या रोगाची माहिती व्हावी म्हणून. मैलामागे अमुक देणगी देईन अशी घरोघर सही घ्यायची, चालून झालं की वसुलीला जायचं. न चालता त्या दारात परत जाणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचाय. बायकोला सोडून पळालेल्याला क्लबात खुर्ची तरी मिळते.

वाटायचं पत्रक मी लिहिलं होतं. जन्मभर वर्तमानपत्रातून लोकांची टिंगल केली, म्हातारपणी म्हटलं काही उपयोगाचं लिहावं. त्यात ठळक ओळ होती: रात्री पाय खाटेवरून खाली लोंबता ठेवावा लागत असेल, बोट काळं पडलं असेल, तर चालू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

चालीच्या आधीच्या गुरुवारी पत्रकांचा उरलेला गठ्ठा घेऊन गेथिनकडे गेलो. त्याची बायको नेस्टा चॅपलमध्ये फुलं लावायला गेली होती. तो स्वयंपाकघरात उजव्या पायातला मोजा काढून बसला होता. शेवटची दोन बोटं पिकलेल्या जांभळासारखी झाली होती.

"दार वाजवायची पद्धत असते," तो म्हणाला.

"हे काय?"

"बूट चावला."

"झोपतोस कुठे?"

"या खुर्चीत. नेस्टा घोरते."

"लेका, ती चाळीस वर्षं घोरतेय."

"हो ना. सहनशक्तीलाही मर्यादा असते."

"पत्रक वाचलंस?"

"दोनशे वाटायचीत, वाचू कधी? आणि चालल्याने बरं वाटतं. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या होत्या."

"कधी?"

"दोन वर्षं झाली." त्याने बोटांकडे पाहिलं. "तेव्हा गुलाबी होती." मग आवाज उतरवून म्हणाला, "एकशे अकरा सह्या आहेत रे. शनिवारी चालतो, सोमवारी दाखवतो. नेस्टाजवळ बोलू नकोस."

पाय जाणार हे मला कळत होतं. ती ओळ मीच लिहिली होती. मी म्हणालो, "सोमवारी नक्की?"

"नक्की," म्हणत त्याने मोजा चढवला आणि चहाचं आधण ठेवलं. आम्ही चहा घेतला, रग्बीवर बोललो.

शनिवारी तो सगळ्यांच्या पुढे होता. दर पन्नास पावलांवर थांबायचा. तो थांबला की मी मोठ्याने एखादा किस्सा सुरू करायचो, म्हणजे मागच्यांना वाटावं, ऐकायला थांबलाय. उभं राहून माझे किस्से इतका वेळ कुणी ऐकले नव्हते. तिसऱ्या मैलावर तो म्हणाला, "आता दुखत नाही. पाय आहे की नाही तेच कळत नाही."

ही ओळ पत्रकात नव्हती, तरी अर्थ मला समजला. मी म्हणालो, "छान. थोडंच राहिलंय."

तीन मैलांना चार तास लागले. शेवटी टाळ्या झाल्या.

सोमवारी इस्पितळात बूट कापून काढावा लागला आणि त्याच संध्याकाळी गुडघ्याच्या वरून पाय. सर्जननी नेस्टाला सांगितलं, तीन-चार दिवस आधी आणलं असतं तर रक्तवाहिनी उघडून पाय वाचवायचा प्रयत्न करता आला असता.

बुधवारी भेटायला गेलो. चादर एका बाजूला सपाट होती. नेस्टाने मला विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी तोंड उघडायच्या आत गेथिन बोलला. "शनिवारी. वाटेत. मीच म्हटलं, गप्प राहा."

मला खरं सांगता आलं असतं. मी होकारार्थी मान हलवली.

नेस्टाने माझा हात दोन्ही हातांत धरला. "शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चाललास," ती म्हणाली. "हे मी विसरणार नाही."

गेथिन छताकडे बघत होता. मी म्हणालो, "त्यात काय एवढं."