नसलेल्या मुलाचं स्थळ

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज पोचेल, पण गोष्टीतली माणसं पोचायची नाहीत. आज राजाचं आख्यान लावत नाही की ऋषींचं. फणसवाडीत दुसऱ्या मजल्यावर बसणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगायचीय. एक फाइल उघडली म्हणून त्यांना खुर्चीवरून उठावं लागलं, आणि दुसरी एक फाइल उघडली गेली तेव्हा त्या पुन्हा त्याच खुर्चीवर बसल्या. कशा, ते ऐका.

बाईंचं नाव कालिंदी. वय एकसष्ट. रमाकांतरावांच्या वधूवर सूचक केंद्रात सव्वीस वर्षं नोकरी. पूर्वी पोस्टाने पाकिटं यायची, आता मेल येतात, एवढाच काय तो फरक. साडेदहाला यायचं, देवाच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळायची आणि कॉम्प्युटर लावून कालपासून आलेले बायोडेटा एकेक करून वाचायचे. अनोळखी माणसाने पाठवलेलं उघडायचं, हेच तर त्यांचं काम. "स्थळ दारात आलंय," त्या म्हणायच्या, "न वाचता ठेवून दिलं तर पाहुण्याला पाणीसुद्धा विचारलं नाही असं होईल."

गेल्या वर्षी दुसऱ्या एका शहरातल्या अशाच केंद्राचे कॉम्प्युटर कुणीतरी लांबून कुलूपबंद केले. नोंदी, फोटो, पत्रिका, काही म्हणून उघडेना. किल्ली हवी तर खंडणी द्या, नाहीतर घरोघरची माहिती जगजाहीर करतो, अशी धमकी. ऐकून रमाकांतरावांना घाम फुटला. त्यांच्याकडे साडेचार हजार घरांच्या गोष्टी होत्या. कुणाचं मोडलेलं पहिलं लग्न, कुणाचं लपवलेलं दुखणं, कुणाच्या भावाचं व्यसन. लोकांनी विश्वासाने कालिंदीताईंच्या कानात सांगितलेलं आणि ताईंनी 'खाजगी' म्हणून टाइप करून ठेवलेलं.

मग लालबागच्या सुशांतला बोलावलं. कॉम्प्युटरची कामं करणारा, वय असेल तिशीच्या आतबाहेर, बोलायला चटपटीत.

"अँटिव्हायरस आहे रे आपल्याकडे," रमाकांतराव म्हणाले.

"काका, तो म्हणजे जुना वॉचमन. त्याच्या खिशात चोरांचे फोटो. फोटोतला चोर आला तर शिट्टी मारणार. नवीन आला तर सलाम ठोकून लिफ्टपर्यंत सोडणार."

"आणि तू आणलायस तो?"

"आमच्या गावाला वेशीवर राखणदार असतो बघा, तसा. हा तोंड बघत नाही, वागणं बघतो. पाहुणा आलास, ये. पण आत येऊन पटापट एकेका खोलीला कुलूप लावायला लागलास की जागच्या जागी आवळणार. वर ते मशीन बाकीच्या मशीनपासून तोडून टाकणार, म्हणजे लागण पुढे जात नाही. आणि मला लगेच कळवणार."

"नारळ द्यावा लागतो का त्याला?" कालिंदीताईंनी चष्म्यावरून विचारलं.

"दरवर्षी लायसन्स द्यावं लागतं, ताई. नारळ परवडला."

सगळे हसले. फणसवाडीतल्या पाचही मशीनवर राखणदार बसला. दादरच्या शाखेत वैशाली एकटी असायची, तिच्या जुन्या कॉम्प्युटरवरही बसला. पहिल्या आठवड्यात त्याने एका बापाने धडपडत बनवलेला बायोडेटा दोनदा अडवला. ताई स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "अरे, मुलीचा बाप आहे तो, सोड त्याला." सुशांतने फोनवरूनच सोडवून दिला.

इथवर सगळं ठीक होतं. पण सुशांत रमाकांतरावांना म्हणाला, "मशीनची सोय झाली. आता माणसं किती सावध आहेत तेही बघू." आणि त्याने एक खोटा मेल बनवला. सगळ्या मोठ्या कंपन्यांत करतात तसा.

मुलगा बत्तीस वर्षांचा, शिकलेला, पक्की नोकरी. आई अंथरुणाला खिळलेली. तिला सोडून वेगळं राहणार नाही म्हणतो, म्हणून सहा ठिकाणांहून नकार. सोबत फाइल.

चौघांना मेलचा पत्ता विचित्र वाटला. त्यांनी तो मेल पुसून टाकला. कालिंदीताईंनी मात्र दोनदा वाचला. दिलेल्या नंबरवर फोन केला, लागेना. दुसरा नंबर आत असेल म्हणून फाइल उघडली. आत कोरा कागद. "बिचाऱ्याला नीट जोडतासुद्धा आलं नाही," असं म्हणून त्यांनी मेललाच उत्तर पाठवलं, आणि उत्तराची वाट न बघता कॉटन ग्रीनला मालनबाईंना फोन लावला.

मालनबाईंची लेक सीमा तीन वर्षं नोंदवलेली होती. वडिलांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, ते लग्नानंतरही माझ्याजवळ राहतील, ही तिची अट. फोन यायचे, अट ऐकली की थांबायचे. ताईंचा हिशोब सरळ होता. जो स्वतःच्या आईला सोडत नाही, तो हिला बापाला सोड म्हणून कशाला सांगेल?

तीन दिवसांनी सुशांत कागद घेऊन आला. पाच नावं. चारांपुढे हिरवी खूण, एकापुढे लाल.

"ताई," रमाकांतराव घसा खाकरून म्हणाले, "तो मुलगा नाहीच. परीक्षा होती ती."

"नाहीच म्हणजे?"

"म्हणजे मी लिहिला, ताई," सुशांत म्हणाला. "खरी फाइल असती तर एव्हाना—"

"अहो, पण मी मालनबाईंना कळवून बसले! तुमचा मुलगा खोटा असेल, मी शोधलेली मुलगी खरी आहे हो!"

रमाकांतराव काही वाईट माणूस नव्हेत, पण ओशाळलेला माणूस कधीकधी उगाच कडक होतो. म्हणाले, "उद्यापासून मेल अनुजा बघेल. तुम्ही फोन घ्या."

अनुजा म्हणजे केंद्रातली सगळ्यात नवी मुलगी, जेमतेम सहा महिने झालेली. तिने मान खाली घालून ताईंच्या टेबलावरचा की-बोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. तेवढ्यानेच ताईंचे डोळे भरले.

संध्याकाळी त्या कॉटन ग्रीनला गेल्या. फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच ते. जिन्यात मागून पावलं वाजली. सुशांत होता.

"तू कशाला आलास?"

"लिहिलंय मी, तर सांगायला तुम्ही एकट्या कशा?"

मालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा पुढे केला. "तीन दिवस बरे गेले गो बाय," एवढंच म्हणाल्या. सीमा दाराशी उभी होती. तिने सुशांतला विचारलं, "ते सहा नकार वगैरे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"छान लिहिता."

सुशांतला तो चहा काही संपवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी रमाकांतरावांना सांगून टाकलं, की यंदाचे लग्नाचे मुहूर्त संपले की मी कामातून थांबते. दोन आठवडे त्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसून फोन घेत होत्या. मेलचा आवाज झाला की हात उचलायचा, मग आठवायचं, आणि पदर मुठीत पिळायचा. देवाला रोज विचारायच्या, लोकांचं ऐकून घ्यायला तूच शिकवलंस ना रे, मग माझं चुकलं कुठे?

मंगळवारी साडेअकराला अनुजाचा कॉम्प्युटर थिजला. स्क्रीनवर पाटी आली, की हे मशीन इतरांपासून तोडलं आहे. मिनिटभरात सुशांतचा फोन. रमाकांतरावांनी स्पीकर लावला.

"काका, राखणदाराने पकडलंय. या वेळी खरं आहे. दहा-बारा फाइलींना कुलूप लागलं असेल, त्या परत आणतो, त्याचं टेन्शन नाही. पण मला सांगा, फाइल कुठली उघडली? आणि इकडून पुढे कुणाला पाठवलीय का?"

"मी काहीच उघडलं नाही," अनुजा म्हणाली.

"मग काय भुताने उघडली?" रमाकांतराव कडाडले.

"काका, प्लीज. पुढे गेली का, एवढंच सांगा. दादरला वैशालीताईंना कालच नवा लॅपटॉप आलाय, त्यावर अजून राखणदार नाही. उद्या बसवणार होतो."

अनुजाच्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत पिळून निघत होतं. कालिंदीताईंनी ते बघितलं. त्यांना ती मूठ ओळखीची वाटली. दोन आठवडे त्यांचा पदर तसाच पिळला जात होता. त्या उठल्या, आपलं स्टूल सरकवत नेऊन तिच्या शेजारी बसल्या.

"फोटो चांगला होता का गं मुलाचा?"

अनुजाने दचकून बघितलं. "...हो. डॉक्टर होता."

"मग उघडणारच. मीही उघडली असती. उघडलीच होती की! मेले का? समोर बसलेय ना तुझ्या? कुणाला पाठवलीस राणी?"

"वैशालीताईंना," अनुजाचा बांध फुटला. "त्यांच्याकडे डॉक्टर मुलगी आहे ना, म्हणून. मेल वाचूनच, फाइल उघडायच्या आधीच पाठवली. दहा मिनिटं झाली, ताई."

फोन घ्यायचं काम ताईंकडेच होतं. तिचं वाक्य संपायच्या आत दादरला घंटी वाजली.

"वैशाली, अनुजाचा मेल आलाय?"

"हो, आत्ताच उघडत—"

"हात उचल! आधी माउसवरनं हात उचल!"

"उचलला बाई, उचलला! काय झालं काय?"

स्पीकरवर सुशांतने सोडलेला श्वास सगळ्यांनी ऐकला.

रमाकांतराव अनुजाकडे वळले, तशा ताई मध्ये आल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी मालकापुढे आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"रागवायचंय तर खुशाल रागवा. पण मी उघडली तेव्हा तुम्ही मला खुर्चीवरून उठवलंत, ते हिने पाहिलंय. म्हणून ही गप्प बसली. आणखी थोडी गप्प राहिली असती, तर दादरची सगळी घरं त्या चोरांच्या हातात गेली असती. तो राखणदार मशीन धरतो. माणसाला बोलतं तर आपणच करायला हवं ना?"

रमाकांतराव ताईंकडे वळले. मग म्हणाले, "ताई, माझं चुकलं. बसा तुमच्या जागेवर."

"माझं त्याआधी चुकलं," स्पीकरमधून आवाज आला. "तुमच्या धंद्यात अनोळखी फाइल उघडू नका म्हणणं म्हणजे भटजींना मंत्र म्हणू नका म्हणण्यासारखं आहे. एक वेगळं मशीन लावतो. बाकीच्यांना न जोडलेलं, आत काही न ठेवलेलं. नवं स्थळ आधी तिथे उघडायचं, रोज संध्याकाळी पुसून कोरं करायचं. त्याच्यापुढे ताईच बसतील."

"बसेन," ताई म्हणाल्या, "पण परीक्षा घेशील तेव्हा लॉटरीचं आमिष दाखव, फुकट सहलीचं दाखव. कुणाच्या आईचं आजारपण त्यात घालायचं नाही."

"नाही घालणार, ताई."

अनुजाने डोळे पुसले आणि की-बोर्ड दोन्ही हातांनी उचलून ताईंसमोर ठेवला.

कालिंदीताई अजून तिथेच आहेत बरं का. थांबायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. चूक झाली की फणसवाडीत आता कुणी लपवत नाही, "ताई, मी काहीतरी दाबलंय" असं खोलीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतात. नवीन मशीनवर रोज पंधरा-वीस स्थळं उघडतात, आणि ताई दर वेळी आधी घरात कोण कोण आहे ते बघतात.

कारण कॉटन ग्रीनला वाट बघणं अजून चालूच आहे. तुम्ही इतकी माणसं इथे बसलात, प्रत्येकाची दहा घरांशी ओळख. आईबापांना न सोडणारा एखादा खराखुरा मुलगा कुठे भेटला, तर तेवढी आमच्या सीमाची आठवण ठेवा.