कृपा आहे

मी एक जुना माइक आहे. शाळेच्या प्रार्थना-सभागृहातल्या कपाटात, खडूंचे खोके आणि हवा गेलेले फुटबॉल यांच्या शेजारी पडलेला असतो. मित्रांनो, एरवी मी माझी गोष्ट सावकाश सांगितली असती. आज मला घाई आहे.

मी शाळेत आलो तो मखमल लावलेल्या पेटीतून. ही धर्मसंस्थेची शाळा, त्यामुळे दिवस प्रार्थनेने सुरू होई आणि प्रार्थना माझ्यातून शेवटच्या रांगेपर्यंत जाई. मुख्याध्यापक मला स्वतःच्या रुमालाने पुसत. मीही फुशारून जाई. पुढे एका समारंभात दोन वक्त्यांच्या ओढाताणीत मी खाली आपटलो आणि माझी वायर बुडाशी सैल झाली. तिच्यावर काळी चिकटपट्टी आली, मग नवा बिनतारी माइक आला आणि मी कपाटात गेलो. गरज सरो, वैद्य मरो.

या शाळेची एक रीत आहे. कोणी "कसे आहात?" विचारले, की "कृपा आहे" म्हणायचे आणि ऐकणाऱ्यांनीही "कृपा आहे" म्हणून साथ द्यायची. दात पडून तोंड रक्ताने भरलेले पोरसुद्धा आधी "कृपा आहे" म्हणते आणि मग भोकाड पसरते. हेतू चांगलाच होता, पण सवय लागली की माणसे ऐकायची थांबतात.

बालवर्गाच्या बाई रोज पहिल्या घंटेनंतर कपाटातून खडू नेतात. आवाज बारीक म्हणून सगळे त्यांना चिमणीबाई म्हणतात. खडू काढता काढता त्या स्वतःशी पुटपुटतात, म्हणून मला सारे ठाऊक आहे. आई अंथरुणाला खिळलेली, पोटच्या लेकीलाच "तुम्ही कोण?" विचारणारी. त्यात दुसऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या आणि त्यांचा वर्गही चिमणीबाईंच्या गळ्यात पडला. घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे.

गेल्या आठवड्यात शिक्षकांसाठी 'स्वास्थ्य आणि चिंतन दिवस' झाला. बाहेरून एक समुपदेशक आल्या. त्यांनी खुर्च्या गोल मांडल्या आणि सगळ्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावले. खेळाचे सर त्यातच घोरू लागले. मग माइक हातोहात फिरवून प्रत्येकाने मनातले बोलायचे होते, पण नव्या माइकची बॅटरी संपली. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मला बाहेर काढले आणि मला कोण आनंद झाला!

एकेकाने मला तोंडाशी धरले आणि मनातले म्हणून "कृपा आहे" एवढेच म्हटले. सगळ्यांनी साथ दिली. मग मी चिमणीबाईंच्या हातात आलो. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून तोंडाशी नेले.

"मला आता होत नाही," त्या म्हणाल्या. "रात्री पडल्यावर वाटतं, सकाळी उठूच नये. कुणीतरी माझ्यापाशी बसा."

नेमकी तेव्हाच माझी वायर सुटली. त्यांचे शब्द माझ्या जाळीत अडकले. मी किती धडपडलो, पण मित्रांनो, यंत्राला आपल्या मनाने ओरडता येत नाही. पंख्यांच्या घरघरीत बाकीच्यांना फक्त ओठ हललेले दिसले. सवयीने साऱ्या सभागृहाने एका सुरात म्हटले, "कृपा आहे."

शेजारच्या गणिताच्या सरांनी मला टिचकी मारून पाहिली आणि वायर घट्ट पिळून मला परत दिले. "बाई, हा बंद होता. कुणाला काही ऐकू गेलं नाही. पुन्हा बोला."

आता मी खणखणीत सुरू होतो. बाईंनी गोलातल्या चेहऱ्यांकडे पाहिले. कोणी घड्याळ बघत होते. बाहेर जेवणाची ताटे वाजत होती.

"कृपा आहे," चिमणीबाई म्हणाल्या. तो आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत स्वच्छ गेला.

तेव्हापासून त्यांचे खरे शब्द माझ्या एकट्यापाशी आहेत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. रोज खडूंसाठी बाईंनी कपाट उघडले की मी मनातल्या मनात हुश्श करतो.

मला पुसा, माझी वायर जोडा, असे मी मागत नाही. कोणाचे ओठ हलले आणि तुम्हाला ऐकू आले नाही, तर नुसती साथ देऊ नका. खुर्ची ओढा, जवळ बसा.

आज पहिली घंटा कधीच झाली. दुसरीही झाली. बालवर्गात पोरांचा गलका चालला आहे, त्यांना गप्प करणारा बारीक आवाज येत नाही. कपाट अजून बंद आहे. मित्रांनो, तुम्हाला पाय आहेत. कोणा मोठ्या माणसाला घेऊन बाईंच्या घरी जा. आणि त्यांनी दारातूनच "कृपा आहे" म्हटले, तर परत फिरू नका.