मर्यादेनंतरचा आकडा

आयकराच्या वजावटींना एकूण मर्यादा घातली तर तिजोरीत किती जादा कर येईल, याचा अंदाज सावेडीच्या अर्थतज्ज्ञ दीपा साळवे यांनी काढला होता. आकडा भरघोस असल्यामुळे संशोधन संस्थेचे संचालक खूश होते. त्यावरच दीपांच्या पुढच्या अभ्यासाचा निधी ठरणार होता.

जेवताना नवरा महेंद्र म्हणाला, “मर्यादा आली तर माझी जादा गुंतवणूक तुझ्या नावावर करू. तुझी मर्यादा निम्मी रिकामीच राहील.”

“मग सरकारला काय मिळेल?”

“आपल्याकडून? आशीर्वाद.”

दीपा हसल्या. मग नवरा-बायको दोघे कमावणारी घरं वेगळी काढून, ती अशीच गुंतवणूक वाटून घेतील असं धरून त्यांनी पुन्हा गणित मांडलं. अंदाज तिसऱ्या हिश्श्याने घटला.

“एवढ्याशा आकड्यावर निधी कोण देणार, मॅडम?” संचालकांनी विचारलं.

“माहीत नाही, सर. पण कर एवढाच जमा होईल,” म्हणत त्यांनी अहवालावर सही केली.