ताटलीच्या पाठीवरचा शब्द

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो. इंग्लंडात, स्टोक शहरातल्या चिनी मातीच्या कारखान्यात माझी हयात गेली. माझ्या अंगावर वर 'इंग्लंड' आणि त्याखाली 'सोल्ड वर्ल्डवाइड' अशी अक्षरं आहेत, म्हणजे जगभर विकलं जाणारं. इंग्रजीत हा 'वर्ल्डवाइड' नेहमी मागून येतो. आधी कुणीतरी घडवायचं, विकायचं, मग हा ऐटीत शेवटी येऊन बसतो.

घडवायची ती बेरिल. ताटलीवर कुंचल्याने गुलाब काढायची आणि पाठीवर मला उमटवायची. ती स्वतः कधी लांब कुठे गेली नाही. "मी नाही गेले, माझे गुलाब गेलेत," असं सांगताना तिचा ऊर भरून यायचा. स्टोकच्या माणसांना एक खोड असते. कुठेही जेवायला बसली की ताटली उलटून आधी शिक्का बघतात. बेरिल तर वाढलेली ताटलीही उचलून खालून डोकावायची. शेजारी काम करणारी नोरा म्हणायची, "बये, एक दिवस रस्सा मांडीवर घेशील."

एकदा मालक शेरॅट साहेबांनी मला मागून घेतलं. माझ्यासारखे नवे शिक्के करायचेत, म्हणाले. बेरिलने मला घासूनपुसून, रुमालात गुंडाळून दिलं. साहेबांच्या बॅगेतून मी समुद्रापार गेलो. तिथे साहेबांच्या नव्या कारखान्यात, तापलेल्या पत्र्याखाली पोरसवदा बायका मान खाली घालून बेरिलचे गुलाब गिरवत होत्या. त्यांची नावं कुणी विचारली नाहीत.

परत आलो, तो स्टोकचा कारखाना बंद व्हायच्या दिवशी. निरोपाच्या जेवणात साहेब भाषणाला उभे राहिले. आता जगात कुठेच ताटल्या खपत नाहीत, माझा नाइलाज आहे, असं ते म्हणाले. आठवण म्हणून त्यांनी मला बेरिलच्या हातात ठेवलं. टाळ्या झाल्या. बेरिल डोळे पुसत जेवायला बसली आणि सवयीने ताटली उचलून खाली डोकावली. अक्षरं माझीच होती. त्यांच्यावर देशाचं नाव मात्र दुसरंच होतं.

"साहेब, हा गुलाब माझा आहे," ती म्हणाली.

"ताटली खाली ठेव, बेरिल," साहेब हसून म्हणाले. "बटाटे सांडतील."

सगळे हसले. नोराही हसली. मग तिने हळूच स्वतःची ताटली उचलून पाहिली.

आता मी बेरिलच्या स्वयंपाकघरात, टेबलाच्या आखूड पायाखाली आहे. टेबल हलू नये म्हणून तिने मला तिथे सरकवलं. ती एकटीच जेवते आणि ताटली उलटत नाही. मित्रांनो, 'जगभर' असं खुशाल मिरवा, पण ज्या हातांनी ते घडवलं त्यांना आधी विचारा. मला इथून फक्त बेरिलच्या चपला दिसतात.